अवघड पकडींना हात घालण्याआधी: पावसाळ्यातली तयारीची यादी

जून लागला की रत्नागिरीत भाट्याच्या वाळूवरचा सराव थांबतो आणि सगळे पत्र्याखालच्या मॅटवर येतात. ब्राझिलियन जिऊ-जित्सूतल्या (जमिनीवरच्या कुस्तीसारखा खेळ, पकड लावून समोरच्याला हार मानायला लावायचं) गोगोप्लाटा (नडगीने गळा दाबणं), हिल हुक (टाच धरून गुडघा पिळणं), ट्विस्टर (कणा पिळणं) अशा पकडी निवांत शिकायला हेच महिने चांगले. पण पकड लावायला शिकण्याआधी तिच्यातून सुटायला आणि वेळेवर सोडायला शिकायचं, यावर मी ठाम आहे. पुढची सगळी यादी त्याच हिशेबाने केली आहे.

सर्वात आधी जोडीदार ठरवा. गावात सराव करणारे चारपाचच असतात. त्यातल्या एकाचा गुडघा गेला की सहा महिने सगळ्यांचाच सराव अडतो. ज्याला प्रत्येक रोल (सरावातली लढत) जिंकायचाच असतो, त्याच्याबरोबर हिल हुक नको. शांत डोक्याचा, आपल्या वजनाच्या आसपासचा माणूस बघा आणि मॅटवर उतरण्याआधी टॅपचं, म्हणजे ‘हरलो, सोड’ या खुणेचं, बोलून घ्या. गोगोप्लाटात नडगी थेट गळ्यावर येते, तेव्हा तोंडून शब्द फुटेलच असं नाही, आणि एखादा हातही अडकलेला असतो. म्हणून हाताची थाप, पायाची मॅटवर थाप आणि घशातून निघालेला कसलाही आवाज, या तिन्हींना टॅपच धरायचं. सोडताना झटका द्यायचा नाही, आहे तिथेच पकड सैल करायची.

हिल हुकसाठी वेगळी तयारी लागते. पाय दोन्ही पायांनी जखडून टाच कोपराच्या बेचक्यात घेतली आणि फिरवली की तो पीळ नडगीतून गुडघ्यात जातो. आर्मबारमध्ये (हात सरळ करून लावायची पकड) कोपर ताणलं की सहसा आधी कळ येते, सावध व्हायला क्षणभर मिळतो. इथे कळ जाणवेपर्यंत लिगामेंट फाटलेलं असू शकतं. त्यामुळे पहिले काही आठवडे टाच पकडीत आली की तिथेच थांबायचं, पीळ द्यायचाच नाही. ज्याचा पाय अडकलाय त्याने टाच लपवणं, गुडघा समोरच्याच्या पायांच्या विळख्याबाहेर काढणं आणि कुठल्या दिशेने वळलं तर वाचतो हे संथपणे घोटायचं. उलट्या दिशेने गरकन फिरलेला माणूस स्वतःचाच गुडघा मोडून घेतो, हे नवख्याला आधी सांगा, नंतर नको.

गोगोप्लाटासाठी कुल्हे मोकळे हवेत. पाठीवर झोपा, एक पाय दोन्ही हातांत तान्ह्या बाळासारखा छातीशी घ्या, पाऊल एका कोपराच्या खोबणीत आणि गुडघा दुसऱ्याच्या. ताण कुल्ह्यात जाणवला तर ठीक, गुडघ्याच्या आत टोचलं तर तो पाय अजून तयार नाही. रोज जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्यांना हे लवकर जमतं, खुर्चीत दिवस काढणाऱ्यांनी महिनाभर हेच करावं. पाय वर आला तरी काम निम्मंच झालेलं असतं. समोरच्याचं डोकं खाली ओढून धरता येत नसेल तर तो पाठ ताठ करून सुटतो. म्हणून आधी क्लोज्ड गार्डमधून (पाठीवर पडून समोरच्याच्या कमरेला पायांचा विळखा) त्याला वाकवणं आणि ओमोप्लाटा (पायांनी खांदा पिळायची पकड) पक्कं करा. खांदा वाचवायला तो धडपडतो तेव्हाच नडगी गळ्याखाली सरकवायला जागा मिळते. २००७ मध्ये प्राइड ३३ या मिश्र मार्शल आर्टच्या (एमएमए) स्पर्धेत निक डियाझने ताकानोरी गोमीला गोगोप्लाटात घेतलं ते खालून, गार्डमधूनच. (पुढे डियाझच्या चाचणीत गांजा सापडला आणि निकाल रद्द झाला, पण पकड बघण्यासारखी आहे.)

ट्विस्टर मी यादीत शेवटी ठेवतो. त्यात कणा आणि मान पिळली जाते, आणि मानेशी प्रयोग करायला जवळ अनुभवी माणूस असावाच लागतो. २०११ मध्ये चान सुंग जुंगने लिओनार्ड गार्सियावर लावलेला ट्विस्टर हा यूएफसी या एमएमए स्पर्धेतला पहिला. तो व्हिडिओ बघून लगेच मॅटवर जाऊ नका.

नियमही आधी वाचा. आयबीजेजेएफ या जिऊ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत गी (जाड सुती पोशाख) घालून हिल हुक कुणालाच चालत नाही. नो-गीत, म्हणजे गीशिवाय, २०२१ पासून तो फक्त प्रौढ गटातल्या ब्राउन आणि ब्लॅक बेल्टला चालतो. निव्वळ कणा पिळणाऱ्या पकडी तिथे बाद. पांढऱ्या पट्ट्यावर, म्हणजे नवखे असताना, स्पर्धेला जायचं असेल तर साधा सरळ अँकल लॉक (घोटा ताणायची पकड) घोटणं जास्त कामाचं.

आता जागा. चिऱ्याच्या भिंतीला ओल धरते, तेव्हा मॅट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि सराव संपला की उभे करा. पडून राहिले तर खालून बुरशी धरते. दर सरावानंतर जंतुनाशकाने पुसून पंख्याखाली कोरडे होऊ द्या. नायटा एकाला झाला की आठवड्यात सगळ्यांना होतो, म्हणून अंगावर गोल चट्टा दिसला की त्या माणसाने घरी थांबायचं, भिडेखातर चालवून घेऊ नका. जाड गी या दिवसांत दोन दोन दिवस वाळत नाही. दोन असतील तर उत्तम, नाहीतर दोन रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारे टी-शर्ट) घेऊन नो-गी करा. एझेकील (आपल्याच बाहीने गळा आवळायची पकड) मात्र कोरड्या बाहीनेच शिका, ओली बाही मनगटाला चिकटते आणि पकड फिरत नाही. हातापायाची नखं कापलेली, माउथगार्ड, बोटांची टेप.

बर्फाची सोय आधीच करा. एरवी मिरकरवाड्याला मासळीचा बर्फ सहज मिळतो, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि जेट्टी थंड पडलेली असते. घरच्या फ्रीजमध्ये दोन पिशव्या भरून ठेवा, आणि दिवे गेले तर शेजारी कुणाकडे इन्व्हर्टर आहे ते माहीत असू द्या. गुडघ्यात ‘टक्’ आवाज येऊन सूज आली तर बर्फ लावून पुन्हा रोल करायचा नाही, हाडांच्या डॉक्टरकडेच जायचं.

गणपतीला चाकरमानी येतात, त्यांत मुंबई-ठाण्याला नियमित सराव करणारा एखादा असतोच. त्याला आताच फोन करून ठेवा आणि विसर्जनानंतरची एक सकाळ मागून घ्या. नव्या पकडी त्याच्याकडून नंतर शिकता येतील. त्या सकाळी आधी त्याच्याकडून स्वतःच्या टाचेवर हिल हुक लावून घ्या आणि आपण किती उशिरा टॅप करतो ते त्यालाच विचारा.