हॉटेलचं खरकटं डुकरांना घालताय? आधी उकळा

सोलापूर भागात दोन-चार डुकरं पाळणाऱ्यांचा भर हॉटेल, खानावळी आणि मंगल कार्यालयांच्या खरकट्यावर असतो. स्वस्त पडतं, पण रोगही त्यातूनच येतो. डुकराच्या मांसाचे तुकडे त्यात असतील तर आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू थेट गोठ्यात. हा रोग भारतात 2020 मध्ये पहिल्यांदा आढळला आणि त्यावर औषध नाही. म्हणून खरकटं ढवळत किमान अर्धा तास खळखळ उकळा, थंड करून घाला. वरवर कोमट करून भागत नाही.

दुसरी गोष्ट मिठाची. लोणचं, चटणी, पापड, सगळंच खारट! त्यात एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट बघत पाण्याची टाकी कोरडी पडली, की डुकराला मिठाची विषबाधा होते: ते आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं, झटके येतात. पाणी चोवीस तास हवंच. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे दुपारी अंगावर पाणी मारा, छपरावर कडबा पसरा.

मोकाट सोडू नका. उघड्यावरची माणसाची विष्ठा खाल्ली की मांसात पट्टकृमीच्या गाठी होतात. शेड बांधण्याआधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या. शेजाऱ्यांची तक्रार वासावरूनच सुरू होते. क्लासिकल स्वाइन फीवरची (हा आफ्रिकनपेक्षा वेगळा, याला लस आहे) लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून टोचून घ्या. एकदम ताप येऊन जनावरं मरू लागली तर जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीला कळवणं मालकावर बंधनकारक आहे. घाईघाईने उरलेली विकून टाकू नका.