मार्व्हल स्नॅप: अडकणारा डेक असा सुटला

मार्व्हल स्नॅप या डिजिटल पत्त्यांच्या खेळात डेक 12 पत्त्यांचा, डाव 6 फेऱ्यांचा. सुरुवातीला हातात 3 पत्ते, मग दर फेरीला 1. म्हणजे शेवटपर्यंत 9च दिसतात, 3 डेकमध्येच राहतात. माझा डेक दोन ठरावीक पत्त्यांच्या जोडीवर उभा होता, आणि ती जोडी सहाव्या फेरीपर्यंत हाती येण्याची शक्यता जेमतेम 55 टक्के! नुसती ताकद वाढवून हे सुटत नाही. जोडी ठेवली, पण 6 एनर्जीच्या (एनर्जी म्हणजे पत्ता खेळायला मोजावी लागणारी किंमत) चारपैकी दोन पत्ते काढले. जागी 2 आणि 3 एनर्जीचे, एकटेही कामाला येणारे घातले. सुरुवातीच्या फेऱ्यांत एनर्जी वाया जाणं थांबलं. तरीही जोडी जमली नाही आणि पटावरच्या तीनपैकी दोन जागा हातातून गेल्या, तर शेवटी क्यूब, म्हणजे पणाला लागलेले गुण, दुप्पट होण्याआधी सरळ माघार घ्यायची.