‘माय अँटोनीआ’ वाचताना: एम.ए. इंग्रजीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

एम.ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षी अमेरिकन साहित्याचा पेपर निवडला, तेव्हा विला कॅथर हे नाव मी ऐकलेलेही नव्हते. यादीतील तिची ‘माय अँटोनीआ’ (१९१८) ही कादंबरी सर्वांत लहान दिसली, म्हणून मी ती शेवटी ठेवली आणि परीक्षेच्या आठवड्यात बाजारातील गाइडवरून उरकली. ‘स्थलांतरित स्त्रीची जिद्द’ या ठरावीक मथळ्याखाली लिहिलेल्या माझ्या उत्तरावर आमच्या प्राध्यापकांनी एकच शेरा मारला होता: “कथा कोण सांगतो आहे, हे तुम्ही पाहिलेच नाही.” पुढे शिकवू लागल्यावर हीच कादंबरी मी एम.ए.च्या मुलांबरोबर तीन वर्षे, दर शनिवारी एक-दोन प्रकरणे या गतीने वाचली. त्या वाचनातून हाती आलेले येथे मांडतो आहे.

कादंबरीतील पहिली तळटीप नायिकेच्या नावाच्या उच्चाराविषयी आहे. आघात पहिल्या अक्षरावर द्यावा आणि ‘नि’ दीर्घ म्हणावा, असे कॅथर सांगते. आमच्या गटातील बहुतेकांनी ती टीप ओलांडून ‘अँटोनिया’ असाच उच्चार महिनाभर चालवला. हा नुसता काटेकोरपणा नव्हे. बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या भूमीतून, आलेल्या या मुलीचे नाव नीट उच्चारावे, अशी लेखिकेची वाचकाकडून पहिली अपेक्षा आहे, आणि भाषेचा हा धागा शेवटच्या भागापर्यंत जातो.

कथा सांगणारा जिम बर्डन हा दहा वर्षांचा, आईवडील गेलेला मुलगा व्हर्जिनियातून रेल्वेने नेब्रास्कात आजी-आजोबांकडे येतो. त्याच गाडीतून अँटोनीआचे शिमर्दा कुटुंब उतरते. स्वतः कॅथरही १८८३ साली, वयाच्या नवव्या वर्षी, व्हर्जिनियातूनच नेब्रास्कात आली. तिचे रेड क्लाउड हे गाव कादंबरीत ‘ब्लॅक हॉक’ झाले आहे आणि अँटोनीआच्या मागे अॅनी सॅडिलेक ही तिच्या ओळखीची खरी व्यक्ती आहे. एवढे माहीत असणे पुरे. आमच्या गटातील दोघांनी अख्खा निबंध ‘कोण म्हणजे कोण’ या शोधातच संपवला आणि कादंबरी बाजूलाच राहिली.

प्रस्तावना मात्र कोणीही गाळू नये. त्यात प्रौढ जिम आयोवातून जाणाऱ्या गाडीत एका जुन्या ओळखीच्या व्यक्तीला भेटतो आणि नंतर आपले हस्तलिखित तिच्या हवाली करतो. वर त्याने आधी नुसते ‘अँटोनीआ’ लिहिलेले असते; मग क्षणभर थांबून तो त्याच्या आधी ‘माझी’ हा शब्द घालतो. तो आता पश्चिमेकडील एका मोठ्या रेल्वे कंपनीचा वकील आहे. ज्या रेल्वे कंपन्यांनी सरकारकडून मिळालेल्या जमिनी विकण्यासाठी युरोपात जाहिराती केल्या, त्यांच्याच व्यवसायात राहून हा माणूस गवताळ माळरानाच्या आठवणीने हळवा होतो, हे ध्यानात ठेवून पुढचे प्रत्येक पान वाचले, तर त्याच्या वर्णनांचे सौंदर्य कमी होत नाही, पण वाचक सावध राहतो. आपल्या हाती कोणती आवृत्ती आहे, हेही तपासावे, कारण १९२६ साली कॅथरने ही प्रस्तावना कापून लहान केली. आमच्या वर्गात दोन वेगळ्या प्रती होत्या आणि जिमच्या पत्नीविषयीच्या मजकुरावरून अर्धा तास निष्कारण वाद झाला.

पार्श्वभूमीसाठी १८६२ च्या होमस्टेड कायद्याचा अभ्यास करावा. १६० एकर जमीन, त्यावर पाच वर्षे राहून कसल्यास मालकी, असे त्याचे साधारण स्वरूप होते. परंतु शिमर्दांनाही जमीन अशीच फुकट मिळाली, असे उत्तरात लिहू नये. त्यांनी ती क्रायेक नावाच्या आपल्याच देशबांधवाकडून, किमतीपेक्षा जास्त पैसे मोजून घेतली. त्यांची भाषा जाणणारा परिसरात तो एकटाच होता, त्यामुळे त्यांचा दुभाषाही तोच आणि त्यांना लुबाडणाराही तोच. परमुलुखात गावच्याच माणसाने गंडवल्याच्या गोष्टी माझ्या विद्यार्थ्यांना घरातूनच ठाऊक होत्या, त्यामुळे हा भाग समजावावा लागला नाही.

ज्या प्रसंगावर आम्ही दोन शनिवार घालवले, तो पहिल्या भागाच्या दहाव्या प्रकरणात आहे. कडाक्याच्या हिवाळ्यात जिमची आजी खाद्यपदार्थांची टोपली घेऊन शिमर्दांच्या घरी जाते. घर म्हणजे जमिनीत खोदलेले भुयारच. निघताना अँटोनीआची आई एका पिशवीतून कपभर तपकिरी, सुकलेले काहीतरी मोजून काढते आणि मोठ्या मानाने भेट देते. घरी आल्यावर आजीला तो पदार्थ ओळखू येत नाही. जुने कपडे आणि हंसाच्या पिसांच्या उश्यांबरोबर महिनोन्‌महिने कोंडून ठेवलेली वस्तू खाण्याची आपली तयारी नाही, असे म्हणून ती पुडी चुलीत टाकते. जिम त्यातला एक तुकडा चावून पाहतो. ती सुकवलेली अळिंबी होती, बोहेमियातल्या एखाद्या दाट जंगलात वेचलेली असावी, हे त्याला कित्येक वर्षांनी कळते.

पहिल्या वाचनात वर्गाने हा प्रसंग ‘सांस्कृतिक गैरसमज’ असे नाव देऊन दोन मिनिटांत निकालात काढला. मग रत्नागिरीकडची एक मुलगी, जी एरवी चर्चेत बोलत नसे, सांगू लागली की वसतिगृहात पहिल्या वर्षी तिच्या आईने चार पदरी कागदात बांधून दिलेले सुके बोंबील खोलीतल्या मैत्रिणींनी तिला न विचारता कचऱ्याच्या डब्यात टाकले होते, आणि त्यांनी ते वाईट हेतूने केले नव्हते. त्यानंतर तिनेच प्रश्न विचारला: आजी तर भली बाई आहे, मग लेखिका हे तिच्याच हातून का घडवते? याचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये नाही. माझ्या मते दान देणाऱ्याला दान घेता येत नाही, ही गोष्ट कॅथरने एका पुडीत दाखवली आहे. नव्या विद्यार्थ्याने संज्ञा शोधण्याआधी अशी वस्तू हातात धरून पाहावी. मात्र बोंबलाची आठवण उत्तरपत्रिकेत उतरवू नये. ती समजण्यापुरती ठेवावी.

त्याच हिवाळ्यात अँटोनीआचे वडील आत्महत्या करतात. ते पेशाने विणकर, व्हायोलिन वाजवणारे, मायदेशाच्या आठवणीने खंगलेले. आत्महत्या केलेल्या माणसाला कॅथलिक दफनभूमीत जागा मिळत नाही आणि नॉर्वेजियन लोकही आपल्या दफनभूमीत नकार देतात, तेव्हा त्यांना स्वतःच्याच जमिनीच्या कोपऱ्यात, पुढे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदणार त्या जागी, पुरले जाते. पण रस्ते झाल्यावर ते थडग्यावरून जात नाहीत. दोन्ही रस्ते किंचित वळसा घेतात आणि मधला लांब लाल गवताचा तुकडा, नांगर न लागलेला, बेटासारखा राहतो. मोजणीच्या सरळ रेषांमध्ये आलेले हे वळण मला संपूर्ण कादंबरीतील सर्वांत मोठे वाक्य वाटते.

अँटोनीआची मैत्रीण लीना लिंगार्ड हिचा भाग आमच्याकडून भराभर झाला, आणि त्यात फार गमावले असे मला वाटत नाही. त्या मानाने कादंबरीत जे नाही, त्यावर अधिक वेळ द्यायला हवा होता. जिमच्या आजोबांच्या शेताजवळ गवतात उमटलेले एक मोठे वर्तुळ आहे, जिथे पूर्वी मूळ रहिवासी घोडे फिरवीत. गडीमाणसे त्याचा संबंध कैद्यांच्या छळाशी लावतात, आजोबांना ती नुसती शर्यतीची जागा वाटते. त्या लोकांविषयी कादंबरी याहून फारसे सांगत नाही. नेब्रास्कातील पॉनी जमातीला १८७० च्या दशकात तेथून हलवण्यात आले, म्हणजे जिम ज्या भूमीला ‘देश नव्हे, देश घडवण्याचे साहित्य’ म्हणतो, ती काही वर्षांपूर्वीच रिकामी केली गेली होती. तसेच अंध कृष्णवर्णीय पियानोवादक डार्नो याचे वर्णन आज वाचताना खटकते. खटकले, तर ते स्पष्ट लिहावे. अभिजात कादंबरीचा मान राखण्यासाठी गप्प बसण्याची गरज नाही.

आता पुन्हा भाषेकडे. सुरुवातीच्या प्रकरणांत अँटोनीआचे वडील खिशातून एक पुस्तक काढतात, त्यात एका पानावर इंग्रजी आणि बोहेमियन अशा दोन मुळाक्षरमाला आहेत. ते पुस्तक जिमच्या आजीच्या हाती ठेवून ते अडखळत विनवतात: शिकवा, माझ्या अँटोनीआला शिकवा. ‘माझी अँटोनीआ’ हे शब्द कथेच्या ओघात प्रथम येतात ते या बापाच्या तोंडी, जिमच्या नव्हे. प्राध्यापकांच्या त्या शेऱ्याचा अर्थ मला इतक्या उशिरा, या ओळीपाशी लागला.

शेवटच्या भागात वीस वर्षांनी जिम तिला भेटायला जातो. ती अनेक मुलांची आई झाली आहे, फळांच्या बरण्यांनी भरलेले तळघर आहे, आणि त्यातून मुले एकामागून एक उन्हात धावत बाहेर येतात. याच भेटीत ती सांगते की आपले इंग्रजी आता बरेच विसरायला झाले आहे; घरात सगळे बोहेमियनच बोलतात आणि धाकट्यांना शाळेत जाईपर्यंत इंग्रजी येत नाही. यावर आमच्या गटात उभी फूट पडली. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना ही तिची हार वाटली, बापाची विनवणी वाया गेली असे त्यांचे म्हणणे. मराठी शाळांतून आलेल्यांपैकी एकाने शांतपणे विचारले, “पण तिला आता इंग्रजी कोणाशी बोलायचे आहे?” चर्चा अर्थातच मराठीत चालली होती. त्या मुलाने सत्रान्त निबंधासाठी हाच प्रश्न घेतला, आणि तो निबंध इंग्रजीत लिहिताना त्याला तीन आठवडे लागले.