सिरपूरला गरुड बघायचाय? आधी घार शिका

इंदुरात कोणी नवीन कॅमेरा घेतला की पहिला प्रश्न ठरलेला, सिरपूर तलावावर गरुड दिसतो का. दिसतो हो, हिवाळ्यात बरंच काही दिसतं, उगाच नाही २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला, पण सुरुवात घारीपासून करा. घार फुकटात दिवसभर डोक्यावर फिरते आणि एकदा ती डोळ्यात बसली ना की बाकीचे सगळे शिकारी पक्षी "घारीपेक्षा वेगळा कुठे" एवढ्यावरच ओळखू येतात.

घारीची शेपूट मधून किंचित कापलेली असते आणि उडताना ती सारखी पिळत असते, तेवढं बघा. आता पाण्यालगत गवतावरून अगदी खालून कोणी चाललंय, पंख वर इंग्रजी व्ही सारखे धरलेत, शेपटीला काप नाही, तर तो मार्श हॅरियर, मादीचं डोकं पिवळट-पांढरं दिसतं. एकाच जागी हवेत फडफडत थांबलेली छोटी पांढरी-करडी म्हणजे कापशी. आणि पोट पांढरं, पंख लांबट, पाण्यावर घिरट्या घालतोय तर ऑस्प्रे असू शकतो, तो पाय पुढे करून पाण्यात पडतो आणि मासा नेताना माशाचं तोंड पुढच्या बाजूला धरतो, म्हणजे वारा कमी अडतो, भारी असतं बघायला.

नुसतं आकाशाकडे बघत मान दुखवून घेऊ नका, वारकऱ्यांकडे लक्ष ठेवा (पांढऱ्या चोचीचे काळे पाणपक्षी हो, पंढरीचे नाही). पाण्यावर पसरलेले वारकरी एकदम गोळा व्हायला लागले, टिटवी ओरडली, बदकं उठली, की कॅमेरा डोळ्याला लावा, हॅरियर येतोय.

वेळेचं म्हणाल तर हॅरियर सकाळी लवकर, पण घिरट्या घालणाऱ्या मोठ्या गरुडांना गरम हवेचा झोत लागतो, तो ऊन तापल्यावरच तयार होतो, त्यामुळे त्यांच्यासाठी पोहे-जिलेबी खाऊन निवांत गेलात तरी चालतं. सूर्य पाठीशी ठेवा. शक्यतो वाराही पाठीशी, कारण पक्षी बहुतेकदा वारा येतो तिकडे तोंड करून उडतो, म्हणजे तोंड तुमच्याकडे येतं.

सेटिंग. शटर १/२००० सेकंद, कंटिन्युअस फोकस (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस), बर्स्ट (एकापाठोपाठ फोटो) चालू. नव्या लोकांचा फोटो हमखास इथे फसतो: आकाश उजळ असतं, कॅमेरा घाबरून एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) कमी करतो आणि पक्षी काळा ठिक्कर येतो, म्हणून आकाशासमोर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ द्या, पण तोच पक्षी खाली झाडीसमोर आला की +१ ने पांढरा भाग पार जळतो. त्यापेक्षा सरळ मॅन्युअल मोड (सगळं आपणच ठरवायचं), उन्हातल्या गवतावर एक्स्पोजर घ्या, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) फिक्स करा आणि ऊन बदलेपर्यंत हात लावू नका. हे सगळं घारीवर घोटून घ्या, ऑस्प्रे काही रिटेक देत नाही.

घरट्याजवळ जायचं नाही, मोबाईलवर आवाज वाजवायचे नाहीत, यावर चर्चाच नको. बसलेला शिक्रा सारखा तुमच्याकडे बघायला लागला तर दोन पावलं मागे या.

ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरते, लांबचे फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट येतात, लेन्स बदलून उपयोग नाही, तेव्हा पाण्यावरच्या लांबच्या पक्ष्यांसाठी कॅमेरा ठेवा आणि दुर्बीण काढा.