विनोदी नाटकाचा बॅले बसवताय? या चुका टाळा

गॅदरिंगचा हंगाम जवळ आला की नाशिकमधला एखादा तरी ग्रुप माझ्या क्लासच्या दारात उभा असतो. "ताई, 'संशयकल्लोळ'वर बॅले करायचाय. पंचवीस मिनिटांचा. तीन आठवडे आहेत हातात." मुलं गुणी असतात, उत्साहही खरा असतो, पण चुका दर वेळी त्याच. मी कथकची. बॅले म्हणते तेव्हा मला फक्त बोटांच्या टोकांवर नाचणं अभिप्रेत नसतं. उदय शंकरांपासून आपल्याकडे रुजलेलं, न बोलता गोष्ट सांगणारं समूहनृत्य मला म्हणायचं असतं.

संवाद रेकॉर्ड करून लावू नका

ही चूक सगळ्यात जुनी, आणि मला सगळ्यात जास्त त्रास देणारी. नाटकातले गाजलेले संवाद कुणीतरी छान आवाजात रेकॉर्ड करतं आणि त्यावर मुली हातवारे करतात. 'मी' आलं की बोट छातीवर, 'तू' आलं की बोट समोर. मग नाच कशाला हवा? 'संशयकल्लोळ' लिहिणाऱ्या देवलांचं वाक्य कानावर पडलं की प्रेक्षक ते ऐकणार, पायांकडे बघणार नाही. हा वेळ वाचवायचा शॉर्टकट आहे, म्हणून तो सगळ्यांना आवडतो.

विनोद नाचाच्या भाषेतून काढावा लागतो. १९६४ साली ब्रिटिश नृत्यदिग्दर्शक फ्रेडरिक अ‍ॅश्टनने शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'वर 'द ड्रीम' हा बॅले केला. त्यात गाढवाचं डोकं आलेला बॉटम नावाचा विणकर पायाच्या बोटांच्या टोकांवर, म्हणजे पॉइंटवर नाचतो. एरवी नायिकेची असणारी ती नाजूक चाल इथे गाढवाचे खूर होते. त्यासाठी एक शब्दही लागत नाही.

आमच्या फाल्गुनरावाला, म्हणजे नाटकातल्या संशयी नवऱ्याला, मी तीनतालात चालवलं. सोळा मात्रांचं आवर्तन, साधी संथ चाल. संशय आला की तो सोळाव्या मात्रेवर थबकतो, पाऊल हवेत राहतं, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, रिकामी जाते आणि त्या रिकाम्या समेवर फक्त मान वळते. दोनदा झालं की तिसऱ्या वेळी प्रेक्षक आधीच सावरून बसतात. हे बसायला आम्हाला नऊ दिवस लागले. तीन आठवडेवाल्यांना मी हे सांगते तेव्हा ते घड्याळाकडे बघतात.

माझी एक सवय सांगते. प्रवेश बसवण्याआधी नाटक न वाचलेल्या कुणाला तरी तो मी एकही शब्द न बोलता करून दाखवते, बहुतेक वेळा शेजारच्या काकूंना. त्यांना जे कळलं नाही ते एकतर काढून टाकते, नाहीतर नव्याने रचते.

कुणी काय पाहिलं, हे शेवटच्या रांगेला दिसलंच पाहिजे

'संशयकल्लोळ'चं मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनात आहे. आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकामार्गे ते देवलांकडे आलं आणि संगीत नाटक म्हणून १९१६ साली रंगभूमीवर उभं राहिलं. इतक्या भाषा फिरूनही ते टिकलं, कारण त्यातला घोळ डोळ्यांनी होतो. अश्विनशेठच्या प्रेयसीला, रेवतीला, चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतो, त्याची बायको कृत्तिका ते बघते. अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते आणि फाल्गुनराव तिला परक्या पुरुषाची तसबीर न्याहाळताना बघतो. बॅलेसाठी इतकं सोयीचं नाटक शोधून सापडणार नाही.

तरी आमचा पहिला प्रयोग पडला. तालमी पंचवटीतल्या एका वाड्याच्या माडीवर चालायच्या. खोली जेमतेम पंधरा फुटांची. एका मुलीने घरातली जुनी तसबीर आणली होती, तळहाताएवढी, पितळी चौकटीची, फार देखणी. माडीवर सगळ्यांना ती दिसायची. प्रयोग मोठ्या नाट्यगृहात झाला. मी मुद्दाम मागे जाऊन बसले होते. कृत्तिकेने तसबीर उचलली, निरखली, छातीशी धरली आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या आजींनी नातीला विचारलं, "तिला पत्र आलं का गं?" नात म्हणाली, "आरसा आहे बहुतेक." तिथून पुढची पंधरा मिनिटं सभागृहात शांतता होती. मुली जीव तोडून नाचत होत्या आणि कोण कुणावर का चिडलंय हे कुणालाच कळत नव्हतं. त्या रात्री विंगेत त्यांच्याकडे बघवेना, कारण चूक माझी होती.

आता आमची तसबीर दीड फुटाची आहे, लाल चौकटीची, आणि रंगमंचावर दुसरं काहीच लाल नसतं. पहिल्या तालमीआधी ती एका मुलीच्या हातात देऊन मी गोदापार्कात सत्तर पावलं मागे जाते. तिथून ओळखू आली नाही तर ती वस्तू बाद. शिवाय 'पाहणं' हा वेगळा क्षण ठेवते. ज्याने पाहिलं तो सोडून बाकी सगळे चार मात्रा स्तब्ध.

बाकीच्या चुका

नाती. 'हा तिच्या मामाचा मित्र' हे नाचून सांगता येत नाही. बॅलेत सासू नसते, असं नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शाइन म्हणायचा ते याचसाठी. नवरा-बायको आणि प्रेमी युगुल एवढीच नाती ठेवा, बाकी पात्रं गाळा.

सगळी गोष्ट शेवटपर्यंत ताणू नका. बॅलन्शाइनने १९६२ साली 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' केलं तेव्हा कथानक पहिल्या अंकातच संपवलं. दुसरा अंक लग्नाच्या सोहळ्याचा, निव्वळ नाचाचा.

तोंडं वेडीवाकडी करणं. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत, स्मितापासून अतिहसितापर्यंत. नवशिके थेट सहाव्यावर उडी मारतात.

लपून ऐकण्याच्या प्रवेशात पायात घुंगरू. काढा!

परवानगी. देवल १९१६ साली गेले, त्यांचं नाटक आता खुलं आहे. पण आपल्या नाशिकच्या वसंत कानेटकरांचं नाटक घेणार असाल तर वारसांची लेखी परवानगी लागते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, आणि त्यांना जाऊन तेवढी वर्षं झालेली नाहीत. 'आपल्याच गावचे' म्हणून चालत नाही. नाट्यगीतांचं जुनं रेकॉर्डिंग वापरायचं असेल तर त्याचे हक्क वेगळे असतात, तेही तपासा.

आणि ट्रॅक. पेनड्राइव्हवरचं संगीत हशासाठी थांबत नाही. प्रेक्षक हसत असतात, तोवर पुढची तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा, निघून गेलेली असते. म्हणून पैसे कमी असले तरी मी कपड्यांवर काटकसर करते, पण तबला आणि पेटी प्रत्यक्ष घेते. तबलजी विंगेत बसत नाही, प्रेक्षक दिसतील असा कोपऱ्यात पुढे बसतो. हशा आला की तो ठेका धरून ठेवतो, फाल्गुनराव पाऊल उचललेलाच राहतो, आणि शेवटचा खोकला शांत झाला की सम येते.