पास्का मेणबत्ती: निवडण्यापासून विझवण्यापर्यंत

पास्का मेणबत्ती म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीत, चर्चबाहेरच्या शेकोटीच्या नव्या अग्नीवरून पेटवायची मोठी मेणबत्ती. तिची तयारी पवित्र शनिवारी, म्हणजे त्याच दिवशी, सुरू केली, तर उशीर झालाच म्हणून समजा. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती हातात असावी, म्हणजे वात तपासायला, भोकं पाडायला आणि स्टँडमध्ये बसवून बघायला वेळ मिळतो.

निवडीचे नियम रोमच्या उपासनाविधी मंडळाने १९८८च्या परिपत्रकात स्पष्ट दिले आहेत: मेणबत्ती खऱ्या मेणाची असावी, कृत्रिम कधीच नसावी, दरवर्षी नवी असावी, एकच असावी आणि पुरेशी मोठी असावी. त्यामुळे आत तेलाची नळी बसवलेली प्लॅस्टिकची मेणबत्ती किंवा जुन्याच मेणबत्तीवर नव्या सालाचं स्टिकर, हे दोन्ही बाद. खर्च वाचतो हे खरं, पण ही मेणबत्ती जळून झिजण्यासाठीच असते. न झिजणाऱ्या मेणबत्तीला या विधीत काही अर्थ उरत नाही. त्या रात्री गायच्या ‘एक्सुल्तेत’ या स्तुतिगीतात मधमाश्यांच्या श्रमाचा उल्लेख आहे. दक्षिण इटलीत दहाव्या ते तेराव्या शतकात या गीताच्या सचित्र गुंडाळ्या तयार झाल्या, त्यांतल्या काहींवर मधाची पोळी आणि मधमाश्या रंगवल्या आहेत. डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पदावरचा दीक्षित सेवक) गाताना गुंडाळी वाचनपीठावरून खाली सोडत जाई. समोरच्या लोकांना चित्रं सुलट दिसावीत म्हणून ती मजकुराच्या उलट दिशेने काढलेली असत. म्हणून परवडेल तितकं मधमाश्यांचं मेण जास्त असलेली मेणबत्ती घ्या. निव्वळ पॅराफिनची स्वस्त पडते, पण विधीतले शब्द आणि समोरची वस्तू यांचा मेळ बसत नाही.

मधमाश्यांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, मात्र पस्तिशीच्या आसपासच नरम पडू लागतं. वसई, मुंबई, गोव्यात ईस्टर मार्च-एप्रिलच्या उकाड्यात येतो. पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून उभी ठेवलेली मेणबत्ती आठवड्याभरात वाकते. कापडात गुंडाळून सपाट फळीवर आडवी ठेवा.

आता कोरकाम. आधी क्रूस: उभी रेघ, मग आडवी. क्रूसाच्या वर अल्फा, खाली ओमेगा, म्हणजे ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर. चार कोनांत सालाचे चार अंक. साल २०२७ असेल तर वर डावीकडे २, वर उजवीकडे ०, खाली डावीकडे २, खाली उजवीकडे ७. मग धुपाचे पाच दाणे, ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण. त्यांचा क्रम नेहमी चुकतो: पहिला वर, दुसरा मध्यभागी, तिसरा खाली, चौथा डाव्या टोकाला, पाचवा उजव्या. हे आकडे कागदावर काढून फादरांच्या पुस्तकाला लावून ठेवा. क्रूस फार वर काढू नका, नाहीतर पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशीच्या सणाच्या) आधीच ज्योत त्याच्यापर्यंत पोहोचते. मधोमध किंवा थोडा खाली बरा.

धुपाचे दाणे बहुधा लाल मेणाच्या खिळ्यांत बसवलेले मिळतात. कठीण मेणात ते नुसते दाबले की मेणाला तडा जातो किंवा खिळाच मोडतो, तेही सगळ्यांसमोर. दोन दिवस आधी तापवलेल्या लोखंडी खिळ्याने पाच भोकं पाडा. साडेसात सेंटीमीटर व्यासाच्या मेणबत्तीत दीड सेंटीमीटर खोली पुरते. वातीपर्यंत जाऊ नका. रेघा विधीतच कोरायच्या असतील तर आधी टाचणीने पुसट आखून ठेवा आणि फादरांना बोथट सुरीऐवजी टोकदार कोरणी द्या.

नवी वात शेकोटीजवळच्या वाऱ्यात पटकन पेट घेत नाही. आदल्या दिवशी पेटवून बघायचा मोह टाळा, नव्या अग्नीवरूनच ती पहिल्यांदा पेटलेली चांगली. त्याऐवजी वातीचं टोक किंचित पिंजा, वितळलेल्या मेणाचे दोन थेंब सोडा आणि सरळ करा. वात सहा मिलिमीटर उंच ठेवा. जास्त लांब राहिली तर काजळी धरते, फार आखूड कापली तर वितळलेल्या मेणात बुडून विझते.

शेकोटीतून ज्योत आणायला लांब काडीमेणबत्ती आणि धूपपात्रात निखारे घालायला चिमटा हाताशी असू द्या. मिरवणुकीत डीकन तीनदा थांबतो आणि दर वेळी ‘लुमेन क्रिस्ती’ म्हणजे ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ गातो. दाराशी फादर आपली मेणबत्ती पेटवतात, चर्चच्या मध्यावर लोक पेटवतात. तिसऱ्या वेळी, वेदीसमोर, डीकन लोकांकडे तोंड करतो. मग पास्का मेणबत्ती स्टँडवर बसते आणि चर्चचे दिवे लागतात, पण वेदीवरच्या मेणबत्त्या अजून नाहीत. त्या जुन्या करारातलं शेवटचं वाचन, स्तोत्र आणि प्रार्थना झाल्यावर, गौरवगीताच्या वेळी पेटवायच्या. दिव्यांची बटणं सांभाळणाऱ्याला हे लिहून द्या, गोंधळ बहुतेक तिथेच होतो.

लोकांना एकच सूचना द्या, पण शेकोटीला जाण्याआधी: पेटलेली मेणबत्ती सरळ धरा, न पेटलेली तिच्याकडे झुकवा. उलट केलं की मेण शेजाऱ्याच्या हातावर सांडतं. प्रत्येक मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती लावा. ती पाऊण तास तरी जळेल एवढी हवी, कारण स्तुतिगीतानंतर विझवून स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वचनांच्या वेळी पुन्हा पेटवायची असते. आणि पंखे बंद. वरचा पंखा चालू असेल तर ज्योत एका बाजूला झुकते, त्या बाजूची कड वितळते आणि मेण ओघळून मेणबत्ती खचते. पितळी टोपी बसवली तर हे बरंच आवरतं.

पाण्याच्या आशीर्वादात मेणबत्ती एकदा किंवा तीनदा पाण्यात उतरवतात. तोवर वर वितळलेल्या मेणाचं तळं साठलेलं असतं, म्हणून ती तिरपी न करता उभीच खाली न्यायची. शेजारी कोरडा पंचा ठेवा. तळ पुसल्याशिवाय स्टँडमध्ये ठेवली तर ती निसटते.

स्टँड उंच आणि जड हवा. रोमच्या भिंतींबाहेरील संत पॉल महामंदिरात निकोला द’आंजेलो आणि पिएत्रो वास्सालेत्तो यांनी बाराव्या शतकात घडवलेला संगमरवरी दीपस्तंभ साडेपाच मीटरच्या वर आहे. तेवढा नको, पण मागच्या बाकावरून ज्योत दिसली पाहिजे.

पहिल्या रात्री मेणबत्ती भरपूर वेळ जळू द्या. दर इंच व्यासाला साधारण एक तास धरा. लवकर विझवली तर वातीभोवती खड्डा पडतो आणि पुढे प्रत्येक मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) ज्योत त्यातच घुसमटते. विझवताना फुंकर नको, झाकणी वापरा. कड उंच राहिली असेल तर मेण कोमट असतानाच बोटांनी आत दाबा.

पेंटेकॉस्टनंतर ती स्नानकुंडाजवळ जाते. तिथे स्नानसंस्काराच्या वेळी तिच्यावरून नव्या ख्रिस्ती व्यक्तीची मेणबत्ती पेटते, आणि अंत्यविधीत ती शवपेटीजवळ ठेवतात. गेल्या वर्षीचं उरलेलं मेण फेकू नका. पूर्वी रोममध्ये अशा मेणातून कोकराची छाप असलेल्या आशीर्वादित चकत्या घडवत. तुम्ही ते दुहेरी भांड्यात, गरम पाण्यावर वितळवून, कापडातून गाळून लहान मेणबत्त्या ओतू शकता. थेट आचेवर मात्र मेणाचं भांडं कधीही ठेवू नका.