जुन्या पेठेचे नियोजन: आधी वेळेचे, मग जागेचे

चाळीस हजार ते एक लाख लोकवस्तीच्या, म्हणजे ‘ब’ वर्ग नगरपरिषदेच्या कोणत्याही गावात मुख्य बाजारपेठेविषयीच्या तक्रारी साधारण सारख्याच ऐकू येतात. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक बायपासवरच्या मोठ्या दुकानांकडे आणि मोबाइलवरच्या खरेदीकडे वळले. गिऱ्हाईक म्हणते, पेठेत गाडी लावायला जागा नाही आणि चालायला तर मुळीच नाही. हातगाडीवाला म्हणतो, अतिक्रमण हटवणारी गाडी आली की रोज पळावे लागते. नगरपरिषद म्हणते, रस्ताच मुळात अरुंद, तेव्हा करायचे काय? मग रस्तारुंदीचा किंवा सुशोभीकरणाचा प्रस्ताव तयार होतो, निविदा निघते, रंगीत फरशा बसतात आणि दोन वर्षांनी त्याच तक्रारी पुन्हा सुरू होतात.

पेठेतली जागा वाढत नाही, पण तीच जागा दिवसातून तीन-चार वेळा वेगवेगळ्या कामांसाठी वापरता येते. म्हणून आराखड्याची सुरुवात नकाशापासून न करता घड्याळापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. मुख्याधिकारी, नगरसेवक आणि व्यापारी संघटनेचे पदाधिकारी यांनी हे काम कोणत्या क्रमाने करावे, ते पुढे मांडले आहे.

पेठ ठरवून वसवणे आणि वाढवणे हे आपल्याकडे नवे नाही. पेशवाईत नवी पेठ वसवताना शेटे-महाजनांना, म्हणजे पेठेतल्या प्रमुख व्यापाऱ्यांना, कौल (लेखी हमी) देऊन काही वर्षे करात सूट दिली जात असे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची व्यापारी पेठ उभी केली. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगररचनेबरोबर आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन हाही विषय आहे, त्यामुळे धंद्याची वाढ हा नगरपरिषदेचा प्रांत नव्हे असे म्हणायला जागा उरत नाही.

पहिले काम मोजणीचे

सल्लागार नेमण्याआधी एक आठवडा पेठेची मोजणी करावी. त्या आठवड्यात आठवडी बाजाराचा दिवस, एक साधा दिवस आणि पेठ बंद असते तो दिवस असे तिन्ही यायला हवेत. सणासुदीचे किंवा लग्नसराईचे दिवस टाळावेत, कारण त्या आकड्यांवर आखलेली पेठ उरलेल्या वर्षभर चुकीची ठरते. स्थानिक महाविद्यालयातील विद्यार्थी हे काम उत्तम करतात. प्रत्येक चौकात दोघे बसवावेत. एकाने चालणारी माणसे तासातासाने मोजावीत, त्यांत बायका किती आणि मुले-म्हातारी किती हे वेगळे लिहावे आणि दुसऱ्याने उभ्या वाहनांची नोंद करावी.

वाहनांची नोंद करण्याची एक सोपी रीत आहे. ठरलेल्या शंभर पावलांच्या टप्प्यात दर अर्ध्या तासाने फेरी मारून प्रत्येक दुचाकीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे वहीत उतरवायचे. संध्याकाळी वही उलगडली की काही आकडे सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत प्रत्येक रकान्यात दिसतात. मी ज्या ज्या गावी अशी वही पाहिली, तिथे त्या गाड्यांतील बहुतेक दुकानमालकांच्या आणि त्यांच्या नोकरांच्याच निघाल्या. एका दुचाकीने दहा तास अडवलेल्या जागेत चाळीस-चाळीस मिनिटांची पंधरा गिऱ्हाइके येऊन जाऊ शकतात, हा हिशेब त्या वहीसमोर बसवून मांडला की व्यापारी संघटनेच्या बैठकीचा सूरच बदलतो. पार्किंगसाठी बहुमजली इमारत मागणारे लोक मग मालक-नोकरांच्या गाड्या शाळेच्या मागच्या मैदानात किंवा जुन्या जकात नाक्याच्या जागेत लावायला तयार होतात. या एका वहीवर गावाचे काही कोटी रुपये वाचू शकतात.

याच आठवड्यात एसटी स्टँडवर उभे राहून, मोठ्या शहरातून पिशव्या भरून परतणाऱ्या लोकांना एवढेच विचारावे की त्यांनी तिकडून काय आणले आणि ते इथे का घेतले नाही. उत्तरात कधी कपड्यांची मापे निघतात, कधी चष्मा किंवा मोबाइलची दुरुस्ती निघते, कधी केवळ ‘इथे बदलून देत नाहीत’ एवढेच निघते. पेठेत कोणत्या नव्या धंद्याला वाव आहे, याचा याहून खरा अंदाज मला दुसऱ्या कोणत्या पाहणीतून मिळालेला नाही.

दिवसाचे वेळापत्रक

मोजणी हाती आली की पेठेच्या दिवसाचे वेळापत्रक लिहावे. सकाळी अकरा वाजता किराणा ठोक दुकानासमोर टेम्पो उभा राहतो, हमाल पोती उतरवतात, मागे रिक्षा, तिच्यामागे शाळेची गाडी, आणि पंधरा मिनिटे सगळी पेठ त्या टेम्पोच्या मागच्या फळीपाशी अडकून पडते. तोच माल सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी दोन ते चार उतरला, तर कोणाचेच अडत नाही. मात्र हे ठरवताना हमालांना आणि वाहतूकदारांना बैठकीला बोलवावे. त्यांच्या मजुरीचा आणि फेऱ्यांचा हिशेब न करता ठरवलेली वेळ आठ दिवसही पाळली जात नाही.

सकाळी मालाची चढ-उतार, दिवसा कमी वेळ थांबणारी वाहने, संध्याकाळी पाच ते नऊ फक्त पायी चालणारे, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी संपूर्ण वेगळी मांडणी, असे साधारण चित्र तयार होते. साप्ताहिक बंदचा दिवसही याच वेळी चर्चेला घ्यावा. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवता येते, फक्त प्रत्येक कामगाराला साप्ताहिक सुट्टी मिळाली पाहिजे. त्यामुळे नोकरदारांना सुट्टी असते त्या दिवशीच सगळी पेठ बंद ठेवण्याची प्रथा चालू ठेवायची की नाही, हे व्यापाऱ्यांनी स्वतःच ठरवायचे आहे.

गिऱ्हाईक पेठेत किती वेळ थांबते हेही नियोजनातच येते. आसपासच्या खेड्यांतून सकाळच्या एसटीने आलेली बाई दुपारपर्यंत पाणी पीत नाही, कारण पेठेत तिला जाण्याजोगे स्वच्छतागृहच नसते. ती दोन दुकाने करून परतीची गाडी धरते. ही अडचण बायका पाहणीच्या कागदावर सहसा लिहीत नाहीत, पण बचत गटाच्या बैठकीत विचारले की सगळ्याजणी एकदम बोलू लागतात. स्वच्छ, पाणी असलेले, दिवे असलेले आणि दिवसभर राखणदार असलेले स्त्रियांचे स्वच्छतागृह मुख्य चौकापासून पाच मिनिटांच्या अंतरात असणे, हे माझ्या मते आराखड्यातील सर्वांत किफायतशीर काम आहे. ते पहिल्याच वर्षी करावे, आणि त्याची रोजची देखभाल कोण करणार याचा करार बांधकामाच्या निविदेपूर्वी व्हावा.

पथविक्रेत्यांची जागा

पेठेतून हातगाड्या हटवल्या की पेठ सुधारेल, ही समजूत मोडून काढावी लागते. दहा रुपयांची कोथिंबीर घ्यायला आलेले माणूस समोरच्या दुकानातून तीनशे रुपयांची वस्तू घेऊन जाते. शिवाय कायदाही स्पष्ट आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात; विक्रेत्यांचे सर्वेक्षण पाच वर्षांतून किमान एकदा करावे लागते; स्थलांतर करायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते; आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ भरत आलेला नैसर्गिक, म्हणजे परंपरेने आपोआप जमत आलेला, बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा लागतो आणि तेथील विक्रेत्यांना हलवता येत नाही. आपल्याकडचे कितीतरी आठवडी बाजार या शेवटच्या तरतुदीत बसण्याजोगे आहेत, तेव्हा बाजार गावाबाहेर नेण्याचा ठराव करण्यापूर्वी जुन्या नोंदी काढून पाहाव्यात.

सर्वेक्षण नीट झाले तर त्याचा थेट उपयोग विक्रेत्याच्या भांडवलासाठी होतो. 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतील विनातारण कर्जासाठी नगरपरिषदेचे विक्री प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागते. जी नगरपरिषद सर्वेक्षण रखडवते, ती आपल्याच गावातल्या छोट्या धंद्याचे भांडवल रोखून धरते.

जागा आखताना दुकानाचा ओटा, पायरी आणि पायरीपुढे मांडलेले पुतळे-स्टँड यांचीही रेघ विक्रेत्यांच्या रेघेबरोबर, एकाच दिवशी, एकाच रंगाने मारावी. फक्त गाडीवाल्याला रेघ आणि दुकानदाराला सवलत असे दिसले की सगळ्या आराखड्यावरचा विश्वास उडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे पदपथावर अडथळ्याविना किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी आणि बाजाराच्या भागात त्याहून अधिक. जिथे तेवढी निघतच नाही, तिथे पदपथ आणि रस्ता वेगळे न करता सगळा पृष्ठभाग एकाच पातळीवर ठेवून वाहनांची वेळ मर्यादित करणे हाच मार्ग उरतो.

महिनाभराची चाचणी

वेळापत्रक कागदावर पटले तरी लगेच काँक्रीट ओतू नये. रस्ता वाहनांना बंद करणे किंवा एकेरी करणे हे नगरपरिषदेच्या एका ठरावाने होत नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 115 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश लागतो, म्हणून पोलीस आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे. याच कलमात अशी सोय आहे की निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल तर राजपत्रातील अधिसूचनेची गरज नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. चाचणीसाठी हा एक महिना अगदी योग्य आहे. पांढरा रंग, काही कुंड्या, दोरखंड आणि दोन-तीन फलक एवढ्यावर ती करता येते आणि चूक निघाली तर रंग पुसता येतो.

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळला जातो आणि त्या दिवशी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून चालणाऱ्यांना मोकळा केला जातो. एका दिवसाने लोकांना कल्पना दिसते. पण दुकानाच्या गल्ल्यावर काय परिणाम होतो, हे कळायला चार आठवडी बाजार तरी जावे लागतात. चाचणीच्या महिन्यात वीस-पंचवीस दुकानदारांना रोजच्या बिलांची संख्या, रक्कम नव्हे, फक्त संख्या, लिहून ठेवायला सांगावे. रकमेची माहिती कोणी देत नाही, संख्या मात्र देतात.

बांधकाम, इमारती आणि पैसा

चाचणीनंतर जे टिकले तेवढेच पक्के करावे, आणि तेही जमिनीखालून वर. एका गावात फरसबंदी होऊन सहा महिने झाले नाहीत तोच जलवाहिनीसाठी सगळी पेठ उकरलेली मी पाहिली आहे. त्या पावसाळ्यात दुकानांच्या पायऱ्यांवर चिखल होता आणि दिवाळीच्या तोंडावरही रस्ता बुजला नव्हता. पाणी, गटार, महावितरणच्या तारा, दूरध्वनीच्या केबल या सर्वांचा एकत्रित नकाशा आणि खोदाईचा एकच क्रम ठरल्याशिवाय कार्यादेश देऊ नये. काम शंभर-दीडशे मीटरच्या टप्प्यांत करावे आणि गणपती ते दिवाळी या काळात पेठेत कुदळ लागू देऊ नये, ही अट निविदेतच घालावी.

इमारतींचा प्रश्न अधिक चिवट आहे. विकास योजनेत रस्तारुंदीची रेघ घरांवरून गेलेली असते. तिच्या भीतीने मालक वीस-वीस वर्षे ना दुरुस्ती करतो ना नवे बांधतो. जुन्या भाडेकरूंचे भाडे नगण्य असल्याने वरच्या मजल्यावर खर्च करायला कोणी तयार नसते आणि खाली भरभरून चाललेल्या दुकानांवर रिकाम्या, कुलूप लावलेल्या खोल्या दिसतात. इथे नगरपरिषदेने पहिल्यांदा ठरवावे की ती रुंदी खरोखर हवी आहे काय. वेळापत्रकाने वाहने कमी झाली असतील तर नको असलेली रेघ महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली फेरबदलाने काढण्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे आणावा. धोकादायक इमारतींना नगरपरिषद अधिनियम 1965 च्या कलम 195 ची नोटीस बजावताना सोबत भाडेकरू आणि मालक यांची एकत्र बैठक घ्यावी, कारण नुसत्या नोटिशीने इमारत पडते आणि धंदाही उठतो. सुरक्षित असलेले वरचे मजले शिकवणी वर्ग, दवाखाने, वकील आणि हिशेबनीस यांच्यासाठी खुले झाले की दुपारचा सुन्न वेळ भरून निघतो.

नगरपरिषदेच्या मालकीच्या गाळ्यांची मुदत संपण्याच्या दोन वर्षे आधी नूतनीकरणाचे धोरण जाहीर करावे. जळगावात महापालिका संकुलांतील गाळ्यांच्या मुदतीचा आणि भाड्याचा वाद कित्येक वर्षे गाजला. उद्या गाळा आपला राहणार की नाही हे ठाऊक नसलेला दुकानदार नवा माल भरत नाही.

पैशासाठी मोठ्या बांधकामाला राज्याचे नगरोत्थान महाअभियान आहे, पण देखभाल गावाच्या पैशातूनच व्हायला हवी. पेठेतील पार्किंग शुल्क, बाजार फी आणि गाळाभाडे यांतील ठरावीक हिस्सा पेठेसाठीच खर्च होईल असा ठराव करून त्याचे वेगळे लेखाशीर्ष ठेवावे आणि जमा-खर्च दर तिमाहीला चौकातल्या फलकावर लावावा. त्यावर देखरेखीसाठी नगरसेवक, व्यापारी, पथविक्रेते, हमाल, बचत गट आणि पेठेत राहणारी कुटुंबे यांची लहानशी समिती असावी. राहणाऱ्यांना विसरू नये, कारण रात्री पेठ तेच राखतात.

एक वर्षाने, अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी, त्याच चौकांत, त्याच वारांना पुन्हा मोजणी करावी आणि जुन्या वहीतले आकडे नव्या आकड्यांशेजारी लिहून सभेपुढे ठेवावेत. पुढच्या टप्प्याचा निधी त्या दोन रकान्यांवरूनच मंजूर व्हावा.